गाइडनं 'नाही' म्हणायला हवं

डिसेंबर लागला की आमच्या ऑफिसात कामाच्या शीटपेक्षा ट्रिपच्या एक्सेल शीट जास्त फिरतात. क्लायंट ख्रिसमसच्या सुट्टीवर, प्रॉडक्शन फ्रीझ, रजा शिल्लक आणि जानेवारीत त्या लॅप्स होणार. मग काय, प्लॅनिंग! यंदाच्या शीटचं नाव होतं 'विंटर' आणि तिला दोन टॅब होते. पहिला टॅब गुलमर्ग: सहा दिवस, बर्फातलं लाकडी लॉज, स्कीइंग, सोबत गाइड. दुसरा टॅब 'बजेट कमी असणाऱ्यांसाठी': शिरूर तालुक्यात एक रात्र. टेंट, शेकोटी, बार्बेक्यू, नाइट ट्रेल आणि 'बिबट्यांच्या राज्यात थरारक अनुभव'. इथेही सोबत गाइड, तोही 'एक्स्पर्ट'.

पहिल्या टॅबवर मी लगेच नाव टाकलं नाही, कारण पैसे. दुसऱ्या टॅबवर कधीच टाकणार नाही, त्याचं कारण जरा मोठं आहे. म्हणून हा वीकएंड लेख.

आधी एक सांगून टाकतो. गुलमर्गला जाणाऱ्यांना नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. "इथे सह्याद्री असताना तिकडे कशाला" वगैरे भाषणं तर मला अजिबात सहन होत नाहीत. दिवसाचे दहा तास एसीमध्ये बसणाऱ्या माणसाला एकदा खरीखुरी थंडी अंगावर घ्यावीशी वाटणं यात काही गैर नाही. पहिले दोन-तीन दिवस स्कीइंग येतच नाही म्हणे. पडायचं कसं आणि पडल्यावर पायाला बांधलेल्या त्या लांब पट्ट्यांसकट उठायचं कसं, एवढंच शिकवतात. आमच्या टीममधला एक जण दोन वर्षांपूर्वी जाऊन आला. तो बर्फाविषयी फार काही बोलत नाही. सारखं बोलतो ते त्याच्या गाइडविषयी. रात्रभर बर्फ पडला होता, सकाळी ऊन लख्ख, हे सगळे बूट घालून तयार, आणि गाइडनं वरती न्यायला सरळ नकार दिला. ताजा बर्फ अजून बसलेला नाही, आज खालच्याच उतारावर. यांनी पैसे भरले होते, चिडचिड केली, दुसरा गाइड मिळतो का तेही पाहिलं. त्या माणसानं शांतपणे कहवा मागवला आणि बसून राहिला.

आता या 'नाही'ची किंमत काय असते? २२ फेब्रुवारी २०२४ ला गुलमर्गच्या वरच्या उतारांवर हिमप्रपात झाला आणि त्यात एका परदेशी स्कीअरचा जीव गेला. गंमत बघा, त्याच मोसमात जानेवारी जवळजवळ कोरडा गेला होता. हॉटेलवाले आकाशाकडे डोळे लावून बसले होते, बुकिंगं रद्द होत होती. २०२५ मध्ये तर पुरेसा बर्फ नाही म्हणून तिथल्या 'खेलो इंडिया' हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. म्हणजे बर्फ कधी येईलच असं नाही, आणि आला की कसा वागेल तेही सांगता येत नाही. अशा ठिकाणी तुम्ही पैसे नेमके कशाचे मोजता? माझ्या मते, त्या जागेला ओळखणारा एक माणूस तुम्हाला 'नाही' म्हणू शकतो, याचे. बाकी लॉज, रजई, गरम सूप हे सगळं त्यावर मिळालेलं बोनस.

आपल्याकडे रिलीजच्या आदल्या रात्री जी गो / नो-गो मीटिंग असते ना, तसंच. मीटिंगला वीस माणसं असतात, पण खऱ्या अर्थानं नो-गो म्हणू शकणारा एकच असतो, आणि तो नसेल तर त्या मीटिंगला काही अर्थ नसतो.

आता दुसरा टॅब.

मी दौंडला रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलो आणि माझं आजोळ शिरूर तालुक्यात, कुकडीच्या पाण्यावरच्या पट्ट्यात. त्यामुळे पोस्टरवरचं 'जंगल' वाचून आधी हसूच आलं. तिथे जंगल नाही हो! तिथे ऊस आहे. कुकडी प्रकल्पाचे कालवे आले, पाणी आलं, बाजरी-मटकीच्या जागी ऊस आला. ऊस बारा ते अठरा महिने उभा असतो, आत माणूस फारसा फिरकत नाही, सावली, पाणी आणि कडेच्या वस्तीवर कुत्री, शेळ्या, कोंबड्या. बिबट्याला आणखी काय हवं? तिथल्या कित्येक बिबट्यांचा जन्मच उसात झालाय, डोंगर त्यांनी बघितलेलाही नाही. वनखात्याच्या जुन्नर विभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात, आणि माणूस-बिबट्याच्या शेजारधर्माचा एवढा जुना आणि एवढा अवघड अनुभव राज्यात फार थोड्या भागांना असेल.

या अनुभवातला एक भाग सगळ्यांनी वाचावा असा आहे. २००१ च्या सुमारास तिथे बिबटे पकडून लांब नेऊन सोडण्याची मोठी मोहीम झाली. ऐकायला किती लॉजिकल! पण विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांचा २०११ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की त्याआधी वर्षाला सरासरी ४ हल्ले माणसांवर होत, ते मोहिमेनंतर १७ वर गेले. अनोळखी जागी सोडलेलं, बिथरलेलं जनावर जास्त धोकादायक. बग एका मॉड्यूलमधून उचलून दुसऱ्यात टाकला की फिक्स झाला म्हणणारे लोक आपल्याकडेच असतात असं नाही. असो.

आणि मग २०२५. १२ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर या तीन आठवड्यांत पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यात तीन माणसं गेली. एक पाच वर्षांची मुलगी, एक ऐंशी ओलांडलेली आजी, एक तेरा वर्षांचा मुलगा. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला, वनखात्याची गाडी पेटवली, आणि शेवटी त्या भागातला एक बिबट्या गोळी घालून मारण्यात आला. त्या दिवसांत बातम्यांत एक दृश्य सारखं दाखवत होते: गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात निघालेली माणसं. बिबट्या मानेला धरतो म्हणून. पूर्वी असे पट्टे धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात असायचे.

ते दृश्य बघितल्यावर पोस्टरवरचं 'थरारक' वाचायला कसं वाटेल, तुम्हीच ठरवा.

पोस्टरच्या खाली सोबत आणायच्या वस्तूंची यादीही होती. हेडलॅम्प, थर्मल, जाड मोजे, चांगले बूट, शिट्टी. मला माझ्या मामाची यादी आठवली. हेडलॅम्प (आठवडी बाजारातला, पट्टा सैल झालेला), कानटोपी, गमबूट, काठी आणि मोबाईलवर मोठ्यांदा लावलेलं भजन. मामा रात्री 'दारं धरायला' जातो. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी: पिकाला पाणी देताना एक वाफा भरला की मातीनं त्याचं तोंड बंद करून पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचं, त्याला दारं धरणं म्हणतात. गहू, कांदा, हरभरा, म्हणजे रब्बीची सगळी मजा नेमकी थंडीत. आणि मोटारीला लागणारी थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की साडेअकरा-बाराला उठून पायात गार पाणी, हातात फावडं, आणि बांधाच्या पलीकडे तुमच्या-माझ्या डोक्याच्या वर गेलेला ऊस. हे ऑन-कॉलच आहे, फक्त अलाउन्स नाही, आणि घरातून लॉग-इनही करता येत नाही.

थंडी, अंधार, मोबाईलला रेंज नाही आणि थोडी भीती. ट्रिपवाले जे जे विकतात ते सगळं मामाला फुकट मिळतं, फक्त गाइड मिळत नाही. मी फोनवर त्याला पोस्टर वाचून दाखवलं. तो आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, "त्यांना म्हणावं या की. दोन वाफं आमची पण भरा. पन मला एक सांग, वीस-पंचवीस पोरं रातचं टेपा लावून, ब्याटऱ्या पाडत बांधाबांधानं फिरली, मादी पिलं घिऊन बसली आसंल ती उठून आमच्या वस्तीकडं आली, तर तवा तुमचा गाइड कुठं आसंल?"

कुठे असेल? पुण्यात, त्याच्या घरी. कारण मी पोस्टरवरच्या नंबरवर फोन केला होता. बोलणारा मुलगा अगदी नम्र होता, मला राग वगैरे आला नाही. नाइट ट्रेल कुठून जाणार विचारलं, तर म्हणाला, "सर, कॅनॉलच्या कडेनं, एकदम सेफ आहे." शेतमालकांना विचारलंय का? "सर, ते आम्ही मॅनेज करतो." सध्या तोडणी चालू आहे, तोडणी कामगारांच्या कोप्या शेताच्या कडेलाच असतात, लहान मुलं असतात, तिथून पंचवीस जणांचा घोळका नेणार? "सर, लोकल कल्चर पण बघायला मिळेल ना." वनखात्याची परवानगी? "सर, तुम्ही किती जण आहात?"

माझा मुद्दा एवढाच आहे. या 'एक्स्पर्ट गाइड'ला नाही म्हणताच येत नाही. त्याचा धंदा ट्रेल निघण्यावर आहे, आणि ट्रेल निघाल्यानंतरचे परिणाम दुसऱ्याच्या दारात आहेत. गुलमर्गच्या गाइडनं चूक केली तर तो स्वतः त्या बर्फाखाली असतो. इथे गाइड सकाळी नाश्त्यानंतर खराडीला परत!

पण म्हणजे आपल्या भागात थंडीतलं काहीच नीट होत नाही का? होतं की. आणि त्यासाठी दौंडहून फार लांब जावंही लागत नाही. सोलापूर रस्त्यानं पाटस, कुरकुंभ मागे टाकत तालुक्याची हद्द ओलांडली की भिगवण. पुढे कुंभारगाव, उजनीच्या बॅकवॉटरचा काठ. धरण १९८० साली पूर्ण झालं, भीमाकाठची गावं पाण्याखाली गेली, आणि उथळ पाण्यात रोहित म्हणजे फ्लेमिंगो येऊ लागले. थंडीत पट्टकदंब येतात. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेला हा हंस उन्हाळ्यात मंगोलिया, तिबेट, लडाखकडे असतो आणि थंडीत हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. आम्ही बर्फ बघायला वर निघालोय आणि हा बर्फाला कंटाळून उजनीवर येऊन बसलाय :)

इथले गाइड कोण? बहुतेक मासेमारी करणाऱ्या घरांतली मुलं. ज्या होडीतून जाळं टाकायचं तीच होडी पहाटे पर्यटकांना घेऊन जाते. थंडीत सहाच्या आधी काठावर उभं राहिलात तर पाण्यावर धुकं, दात वाजतात, लॉजबिज काही नाही, कुणाच्या तरी घरी पिठलं-भाकरी किंवा चिलापीची आमटी. मी दोन-तीनदा गेलोय. एकदा आमच्या होडीतल्या एकानं लांब लेन्स सरसावून फर्माईश केली, "जरा जवळ घ्या ना, उडवा ना त्यांना, फ्लाइट शॉट हवाय." होडीवाला वयानं आमच्यापेक्षा लहानच असेल. त्यानं इंजिन बंद केलं, बांबू हातात घेतला आणि म्हणाला, "दादा, त्यांना खाऊ द्या. पोट भरलं की आपसूक उडत्यात." पाऊण तास आम्ही तसेच. शेवटी ते उडाले की नाही हे महत्त्वाचं नाही, पण त्या मुलाचा रुबाब बघण्यासारखा होता. रोज उडवले तर पक्षी जागा बदलतील आणि पुढच्या थंडीत त्याचीच होडी काठाला उभी राहील, हे त्याला कुणी प्रेझेंटेशन देऊन सांगितलेलं नाही.

सगळेच होडीवाले असे नसतात. चार नोटा जास्त दिल्या की थव्यात होडी घालणारेही आहेत, आणि त्यांना त्या नोटा देणारे पुण्याहून आलेले आपणच असतो. तरी तिथे 'नाही' म्हणण्याचं कारण गाइडच्या स्वतःच्या घरात आहे. शिरूरच्या त्या कॅम्पमध्ये ते नाही.

जाता जाता, त्या पाण्याबद्दल. मुळा-मुठा भीमेला मिळते ती रांजणगाव सांडसपाशी. एका काठाला शिरूर तालुका, दुसऱ्या काठाला दौंड. पुण्यातून निघालेलं आपलं सांडपाणी तिथून दौंडच्या कडेनं उजनीत जातं. तेव्हा 'शहरापासून दूर, निसर्गाच्या कुशीत' वगैरे वाचलं की लक्षात ठेवा, आपल्या आधी आपला फ्लश तिथे पोचलेला असतो. होडीवाल्यांच्या हाताला खाज येते ती पक्ष्यांमुळे नाही.

शीटच्या कॉमेंटमध्ये मी यातलं थोडं लिहिलं, तर दोन उत्तरं आली. पहिलं: "अरे, पण गावाला पैसे मिळतात ना?" मिळाले तर उत्तमच. शिरूर तालुक्यातच मोराची चिंचोली आहे. मोर, चिंचेची झाडं, शेतावर जेवण, बैलगाडी. लोक सकाळी जातात, संध्याकाळी परततात, आणि पैसे ज्याचं शेत आहे त्याच्या हातात पडतात. बारामती तालुक्यात शिर्सुफळला आणि इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला वनखात्यानं २०२४ मध्ये गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली, तीही स्थानिक गाइड घेऊन. चौफुल्याहून सुप्याकडे वळलं की मयूरेश्वर अभयारण्य लागतं. १९९७ साली जाहीर झालेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, पण पहाटे चिंकारा दिसण्याची शक्यता बऱ्यापैकी. यातल्या प्रत्येक ठिकाणी कुणीतरी तिथलाच माणूस फाटकापाशी उभा असतो, आणि वेळ संपली की तो तुम्हाला बाहेर काढतो.

दुसरं उत्तर जास्त प्रामाणिक होतं: "यार, बिबट्या दिसणार नाही हे आम्हालाही माहितीये. नुसतं फीलसाठी." मला हेच जास्त खटकतं. ज्या फीलमुळे मामी संध्याकाळी सहानंतर नातवाला ओट्यावरून खाली उतरू देत नाही, तो आपण एका रात्रीसाठी भाड्यानं घ्यायचा आणि तिथल्या लोकांना भाडंही द्यायचं नाही. बिबट्याच्या भागात शेतीला दिवसा वीज द्या ही मागणी किती जुनी आहे! सोलर फीडरची योजना २०१७ साली आली, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली, काही ठिकाणी दिवसा लाईट मिळूही लागली. मामाच्या फीडरवर अजून नाही. ती मिळाली तर रात्री शेतात जायचं एक मोठं कारण संपेल, आणि त्या कॅम्पवाल्याला त्याच्या 'राज्यात' मोकळं रान मिळेल. मग खुशाल जा म्हणावं, फक्त आधी ग्रामपंचायतीला आणि वनखात्याला विचारा. ते नाही म्हणाले तर पोस्टर काढा.

मी शीटला तिसरा टॅब जोडलाय. हुरडा. थंडीतली आमच्याकडची मूळ ट्रिप ही, आणि ती दिवसाढवळ्या होते. ज्वारी दुधावरून चिकात आली की कणसं खुडायची, जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, कणसं भाजायची, हातावर चोळून फुंकर मारायची आणि गरम दाणे शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. सोबत गूळ, दही, बोरं, उसाचं कांडकं. भाजणारा सांगेल तेव्हाच कणीस उचलायचं, तोपर्यंत हात लावायचा नाही, हा नियम सगळ्यांना लागू, अगदी व्हीपीलासुद्धा.

आतापर्यंत सात नावं आलीत. मामाला फोन करून विचारलं, तर तो म्हणाला आठाच्या वर नको. शेजारपाजारच्या सगळ्या रानांत आता ऊस आहे, आणि गूळभेंडी त्यानं यंदा घरापुरती दहा गुंठेच केलीय.